बोललं की गुण जातो

चिंचणीत शालूचं घर कोणाला विचारावं लागत नसे. रविवारी सकाळी ज्या दारात पिवळ्या डोळ्यांची माणसं उभी दिसतील, ते तिचं. बोईसरच्या कंपन्यांतले कामगार, वाणगावचे, घिवलीचे, कधी पार पालघरहून आलेले. पाला फक्त रविवारी मिळे आणि उपाशीपोटीच घ्यावा लागे, म्हणून सात वाजायच्या आत ओटा भरलेला असे. शालू न्हाऊन ओल्या केसांनी मागच्या वाडीत जाई, पाच मिनिटांनी मूठ पदराआड झाकून येई, पाट्यावर वाटी आणि सुपारीएवढी गोळी ताकाबरोबर समोरच्याच्या हातावर ठेवी. पैसे नाहीत, नारळ नाही. कोणी आभार मानले तरी ती वसकन अंगावर येई. आभार मानले म्हणजे देणंघेणं झालं आणि देणंघेणं झालं म्हणजे ते औषध झालं, असं तिचं शास्त्र. औषध म्हणजे ज्याचं बिल होतं ते. हा पाला.

ताकीद मात्र एकच असे. "घेतलास ते कोणाला बोलायचं नाय. दवाखान्यात तर नायच नाय. बोललं की गुण जातो."

कोळगावहून लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासूनं झाडाचं नाव तिच्या कानात सांगितलं ते बारा वर्षांनी, एका रविवारी उपाशीपोटी. रीतच तशी होती. सासूनं सुनेला सांगायचं, पुरुषांना पत्ता लागू द्यायचा नाही आणि एकदा सांगितलं की सांगणारीचा हात रिकामा, गुण ऐकणारीच्या हातात. सासूनं सांगितलं आणि दोन महिन्यांत सासूही गेली. तेव्हापासून शालूच्या मनात या दोन गोष्टींची घट्ट गाठ बसली होती.

नवरा कृष्णकांत वाडीचा माणूस. चिकूची झाडं, नारळी, दुधी-कारल्याचे मांडव. वाडीत गवताची काडी दिसली तर त्याला जेवण गोड लागत नसे. पण कुंपणाच्या एका कोपऱ्यात, जुन्या विहिरीमागे, जो काय झाडोरा माजला होता त्याच्याकडे त्याचा कोयता कधी वळला नाही. शालूला वाटे, ही सासूची पुण्याई.

तशी ती एका जागी बूड टेकणारी बाई कधीच नव्हती. चहा पितानाही उभी. पण तीन वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीनंतर तिचं हे हिंडणं फारच वाढलं आणि ती गोष्ट ती घरात काढू देत नसे. बीडकडून आलेला झुंबर नावाचा कामगार बोईसरला राही. त्याचा एकवीस वर्षांचा विक्रम काविळीनं पिवळा पडला, तेव्हा आई इंदुबाई त्याला घेऊन शालूकडे आली. पाला घेतल्यावर चौथ्या दिवशी पोरगा गुंगीत जायला लागला. इंदुबाईनं त्याला उचलून इस्पितळात नेलं, डॉक्टरनं विचारल्यावर चिंचणीचा पाला घेतला म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांनी पोरगा गेला. पुढच्या रविवारी नवराबायको शालूच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. भांडायला नव्हे, असं कसं झालं एवढंच विचारायला. शालू घाबरली आणि घाबरलेलं माणूस पहिलं जे हाताला लागेल ते फेकतं. भर ओट्यावर, झुंबरच्या देखत ती इंदुबाईला म्हणाली, "तू दवाखान्यात बोललीस ना? मग गुण कसा येणार?"

झुंबरनं बायकोकडे पाहिलं आणि तो रस्त्याला लागला. इंदुबाई दहा पावलं मागून चालत गेली. ते अंतर शालूला अजून दिसे.

गेल्या वर्षी शालूच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईत झालं आणि पुढच्या सहा केमो पालघरच्या एका केंद्रात, दर तीन आठवड्यांनी. बातमी फुटली तसे नातेवाईक कामाला लागले. जावेनं गव्हांकुर पाठवले. नणंदेनं गोमूत्राची बाटली आणली. कोणी म्हणालं अमुक बाबा नाडी बघून पुड्या देतो, कोणी म्हणालं साखर सोडा, कोणी म्हणालं मीठ सोडा. सगळ्यांचं ऐकलं असतं तर बाईनं हवा खाऊन राहायचं तेवढं उरलं होतं. शालू मात्र एकालाही बधली नाही. कोणाच्या बाटलीत काय घातलंय कुणास ठाऊक, असं ती तोंडावर म्हणे. नणंद रागावून गेली.

हे सगळं खरं, पण लोकांच्या बाटलीला नाक मुरडणारी ही बाई पहिल्या केमोनंतर आरशासमोर उभी राहून स्वतःच्या पापण्या ओढून बघायला लागली. नखं काळी पडली होती, जिभेला लोखंडाची चव, आणि केमो लिव्हर जाळते असं गावात जो तो सांगे. लिव्हर म्हणजे तर तिचाच प्रांत. तिनं रविवारची वाट पाहिली नाही. सोमवारीच कोपऱ्यात गेली आणि मग रोज जायला लागली. सुपारीएवढी गोळी लिंबाएवढी कधी झाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या केमोला शेजारच्या खुर्चीवर किंजल होती. बोईसरची, चौतीस वर्षांची, नवऱ्याचं नळसामानाचं दुकान, मुलगी दुसरीत. सलाईन चालू असताना ती बराच वेळ शालूकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, की तुम्ही चिंचणीच्या कावीळवाल्या काकी ना, माझ्या सासूला तुमच्याच हातानं बरं वाटलं होतं. शालू हो म्हणाली आणि तिथेच फसली. किंजलनं हात धरला. मला पण द्या, म्हणाली. पाला काविळीचा आहे, या आजाराचा नाही, हे शालूला पक्कं माहीत होतं. पण त्या खुर्चीवर बसल्यापासून ती पोर सारखी डोक्याचा रुमाल नीट करत होती, आणि शालूला नाही म्हणता आलं नाही. बुधवारी किंजल चिंचणीला आली. चार पिढ्यांत पहिल्यांदा रविवार सोडून पाला दिला गेला, तोही वाळवून, डबीत घालून. ताकीद तीच. किंजलनं देवासमोर हात जोडावेत तसे हात जोडून मान हलवली.

तिसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे वर गेलेले. डॉक्टर हिमानींनी केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की दुसरं काही औषध घेता का. शालू ठामपणे नाय म्हणाली. खोटं बोलतोय असं तिला वाटलंही नाही. औषध ती घेतच नव्हती.

बाहेर बाकावर किंजल बसलेली. तिचीही केमो पुढे ढकललेली.

आता दुसऱ्या कोणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असती. शालूनं उलटाच हिशेब केला. लिव्हर बिघडली म्हणजे पाला कमी पडला. घरी आल्या आल्या तिनं गोळी वाढवली आणि किंजललाही फोनवर तसंच सांगितलं.

तो आठवडा घरात कोणाला स्वस्थता लाभू दिली नाही तिनं. स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून विहिरीपाशी, विहिरीपाशी काय न्यायला आलो ते विसरून परत. तोंडाला चव नाही, डोळ्याला झोप नाही. कृष्णकांत म्हणायचा, बस जरा, तर म्हणायची, बसले की विचार येतात. विचार एकच होता. नाव समिधाला सांगायला हवं.

समिधा तिची सून. तारापूरच्या औषधाच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा नीलेश पाळीवर असला की पालघरला तीच सोबत येई. शालू तिच्या कानाकडे बघे आणि नजर फिरवी. नाव सांगायचं म्हणजे हात रिकामा करायचा, म्हणजे आपण आता चाललो असं आपल्याच तोंडानं कबूल करायचं. नाही सांगितलं आणि तशीच गेली तर पिढ्यांचा गुण बुडवला असं होणार. सांगता येईना आणि पोटात ठेवता येईना.

समिधाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं आपलं लॅबचं डोकं. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, आमच्याकडं बॅच बिघडली ना, की मशीनला आमी मागाहून बोल लावतो. आधी विचारतो, नवीन काय घातलं."

शालूनं भाजीची पाटी उचलली आणि अर्धी निवडलेली भाजी घेऊन विहिरीकडे निघून गेली.

आठवड्यानं पुन्हा रक्त, पुन्हा पालघर. हिमानी मॅडमनी दोघींना एकदमच आत बोलावलं. शालूबरोबर समिधा, किंजल एकटीच. मॅडमचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, दोघींचे आकडे आणखी वाढलेत, शालूताईंचे दुप्पट, किंजलचे त्याहून वाईट. किंजलला आजच दाखल करावं लागेल, आणि असंच चाललं तर केमो थांबवण्यावाचून इलाज नाही. आजार मात्र आपल्यासाठी थांबायचा नाही.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळी मी औषध घेता का विचारलं. आता औषधाचं विचारत नाही. काढा, चूर्ण, रस, पाला, जे काही तोंडात गेलं असेल ते सांगा."

पाला हा शब्द शालूच्या कानात सासूच्या आवाजात शिरला. मॅडमनी आधी किंजलकडे पाहिलं. किंजलनं शालूकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि मग समोर बघत म्हणाली, "नाही. काहीच नाही."

शालूला त्या तीन शब्दांनी जे झालं ते सुईनं झालं नव्हतं, ऑपरेशननं झालं नव्हतं. ही पोर आपलं मरण गिळून बसली होती, आणि कशासाठी, तर शालूनं सांगितलं होतं म्हणून. दुसरीतल्या मुलीची आई. आणि त्याच वेळी तिला आठवली ती इंदुबाई, जी बोलली होती. बोलली तिलाही आपणच दोष दिला, आणि ही गप्प आहे तीही आपल्यामुळेच.

"ती खोटं बोलतेय, मॅडम," शालू म्हणाली. "मीच बोलू नको सांगितलंय तिला."

आणि तिनं नाव घेतलं. चार पिढ्या चार कानांच्या बाहेर न गेलेलं नाव, ट्यूबलाइटखाली, संगणकासमोर, मोठ्यानं. ते इथं लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नव्हे, वाचून उद्या कोणीतरी ते खुडायला जाईल म्हणून.

छप्पर कोसळलं नाही. मॅडमनी ते नाव लिहून घेतलं, किती, कधीपासून, ओला की वाळलेला ते विचारलं. रागावल्या नाहीत. याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण आधी हे बंद करायचं, म्हणाल्या, आणि मी पहिल्या दिवशीच नीट विचारायला हवं होतं. मग शालूनं, विचारायचं नव्हतं तरी, विचारलं की काविळीला तरी याचा गुण खरा ना. बऱ्याचशा काविळी आपल्या आपण उतरतात, मॅडम म्हणाल्या. काहींना मात्र एक दिवसही थांबून चालत नाही, तातडीनं दाखल करावं लागतं. "आणि ताई, डोळे दोघांचेही सारखेच पिवळे दिसतात."

बाहेर आल्यावर शालू जिन्यातच थांबली. समिधाला म्हणाली, तू ऐकलंस, आता तुझ्या हातात आलं, माझा हात रिकामा झाला. समिधानं तिच्या हातातली फाईल काढून घेतली. "मला नको ते, आई. तुमी आधी गाडीत बसा."

पाला बंद झाला. दोन रविवार शालूनं ओट्यावर येऊन लोकांना सांगितलं, की पाला नाही, आधी रक्त तपासून या, डॉक्टरकडे जा. काहीजण तिची प्रकृती विचारून गेले, काहीजण बडबडत गेले. तिसऱ्या आठवड्यात आकडे उतरले. किंजलही इस्पितळातून घरी आली, तिचेही उतरले. दोघींची केमो पुन्हा सुरू झाली. पण शालूचं हिंडणं काही थांबेना. आपण नाव घेतलं आणि पिढ्यांचा गुण मातीत घातला, हे तिच्या मनातून जाईना. घरात पुरुषांना अजून काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं चालू असलेलं काहीतरी बंद केलं, एवढंच.

पुढच्या एका रविवारी सकाळी तिला कोयता दगडावर घासल्याचा आवाज आला. मागे गेली तर कृष्णकांत जुन्या विहिरीमागे, कुंपणाच्या कोपऱ्यात उभा. त्या सगळ्या झाडोऱ्यात त्याचा डावा हात नेमक्या त्याच झाडावर होता.

"काढू, का ऱ्हाऊ दे?" त्यानं विचारलं.

तुमाला कोणी सांगितलं, असं तिनं कसंबसं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? आईच्या मागनं यायचो की लहानपणी." तो कोयत्याची धार अंगठ्यानं बघत होता. "आठवीत वर्गातल्या पोरांना आणून दाखवला होता. निम्म्या चिंचणीला ठावूक हाय. माणसं तुझ्या हाताचं घ्यायला येतात, पाल्याला नाय."

"आन् गुण?"

"तो जायचा तर आठवीतच गेला असता."

तो हसला. त्याला वाटलं बायकोचं ओझं हलकं केलं. शालू तिथल्या दगडावर बसली. तिचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. ती लग्न होऊन येण्याआधीपासून सगळं बोललेलंच होतं. जे बरे झाले ते बोललेल्या पाल्यानं किंवा आपल्या आपण बरे झाले. आणि विक्रम गेला तो त्याच्या आईनं तोंड उघडलं म्हणून गेला नव्हता. ती चार दिवस आधी बोलली असती तर कदाचित राहिलाही असता. तेच बोलणं बोलून आज शालू जिवंत होती.

काढून टाका, एवढंच ती म्हणाली आणि उठली. पातळ बदललं, डोक्याला रुमाल बांधला. केमोनंतरचा सातवा दिवस, पायांत त्राण नाही. समिधा सोबत येते म्हणाली तर तिला नको म्हणाली, नीलेशनं गाडी काढली तर त्याला एमआयडीसीच्या नाक्यावर थांबवलं. पुढे झुंबरची चाळ तिनं विचारत विचारत शोधली. रविवारच्या ओट्याची सवय असलेल्या बाईला दुसऱ्याच्या दाराशी उभं राहायची सवय नव्हती. दोनदा पुढे जाऊन ती परत आली.

इंदुबाईनं दार उघडलं, पण ओळखलं नाही. भुवया गेलेल्या, गाल बसलेले. शालूनं नाव सांगितल्यावर ती दारातून बाजूला झाली, या म्हणाली नाही. भिंतीवर विक्रमचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला.

शालूनं बसायचं टाळून उभ्यानंच सांगितलं. "तू दवाखान्यात बोललीस ते बरोबर केलंस. त्यानं गुण गेला नाय. गुण नव्हताच. पोराला चार दिवस मी थांबवून ठेवलं. मी चुकले आन् वर तुझ्यावर टाकलं."

इंदुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग म्हणाली, "हे मला काय सांगता? मला ठावं होतं. त्यांला सांगा. तीन वर्सं झाली, त्यो माज्याशी बोलत न्हाई."

शालूला पहिल्यांदा नीट समजलं नाही. मग तिला खोलीत दिसायला लागलं. घासून पालथी घातलेली दोन ताटं, एक चुलीपाशी, एक दारापाशी. एकाच खोलीत दोन टोकांना दोन अंथरुणाच्या वळकट्या. बोललं की गुण जातो, असं एका बाईनं एका ओट्यावर म्हटलं आणि या घरातलं बोलणंच गेलं होतं.

झुंबर सकाळच्या पाळीला गेला होता. सुटून यायला अजून दोन तास होते. इंदुबाईनं जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. शालू दाराशी फरशीवर बसली. पाय दुखले, तोंडाला कोरड पडली, नीलेशचा दोनदा फोन आला. ती उठली नाही.

झुंबर आला, डबा ठेवला, आणि दाराशी बसलेल्या बाईला बघून थबकला. शालूनं उठून तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी न करता. आपल्या केमोचं सांगितलं, किंजलचं सांगितलं, मॅडम पिवळ्या डोळ्यांबद्दल काय म्हणाल्या तेही. झुंबर भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. संपल्यावर तो मोरीवर गेला, हातपाय धुतले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

टॉवेलात तोंड असतानाच तो म्हणाला, "ताट वाढ." आणि थोड्या वेळानं, "तुजंबी वाढ."

इंदुबाईच्या हातातून पळी निसटून पातेल्यात पडली. तिनं ती काढली नाही. मग तिनं दारापाशी पालथं घातलेलं ताट उचललं आणि चुलीपाशी, दुसऱ्या ताटाशेजारी नेऊन मांडलं.

शालूनं चपला घातल्या आणि ती नाक्याकडे निघाली.